तीनशे पाच ग्रॅमचा कावळा

"कावळा साधारण किती ग्रॅमचा असतो?" मेढेकरसाहेबांनी मला विचारलं.

त्यांच्या पत्नी कुमुदकाकूंना जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. मी साहेबांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचो, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना शेजारून आलेला चहा ओतून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं होतं. किटली हातात तशीच धरून मी म्हणालो, "माहीत नाही साहेब. कधी मोजला नाही."

"मोजायला हवा होता," ते म्हणाले. "तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना?"

मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होतो. विद्यार्थ्यांनी जाळलेली सर्किटं बदलून द्यायची, एवढीच माझी विद्या. पण मेढेकरसाहेबांसमोर कोणी नाही म्हणत नसे. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. कृष्णाकाठच्या आमच्या गावात त्यांची इतकी दहशत होती की गुरुवार पेठेतल्या वाण्यांना एक सवयच लागून गेली होती. काट्यावर माल टाकला की ते दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करायचे. बोट लावलेलं नाही, हे साहेबांना लांबून दिसावं म्हणून. साहेब निवृत्त झाले तरी हात वरच राहिले. परगावचा माणूस पाव किलो शेंगदाणे घ्यायला आला की त्याला वाटे, आपण दरोडा घालायला आलोय की काय.

हात वर करायची सुरुवात तोडकर किराणावाल्यापासून झाली. साहेबांनी त्याला गुळाच्या ढेपेमागून काट्यावर करंगळी टेकवताना पकडला होता आणि खटला भरला होता. पुढे काही वर्षांनी साहेबांची एकुलती एक मुलगी वैजू हिने लग्न केलं, ते याच तोडकराच्या मुलाशी. साहेब तेव्हा एकच वाक्य बोलले होते, "बोट लावणाऱ्याच्या घरात माझी मुलगी नाही." त्याला नऊ वर्षं झाली होती. तोडकरांचं दुकान आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर.

"बस," साहेब म्हणाले. मी बसलो.

"दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिलेली नाही. नाही शिवला तर राहिलेली आहे, ती पुरी करायचा शब्द द्यावा लागतो. बरोबर?"

"असं म्हणतात."

"आता हे गावातले सगळे, आणि कुमुदचा भाऊ बापू तर सगळ्यात पुढे, टपून बसलेत. कावळा आला नाही की मला म्हणणार, वैजूला घरी आणायचा शब्द द्या. मी दवाखान्यात कुमुदला स्वतः विचारलं होतं, काही राहिलंय का. नाही म्हणाली. तेव्हा कावळा शिवला पाहिजे. आणि शिवला की नाही, हे मी त्या आठल्येगुरुजींच्या डोळ्यांवर सोडणार नाही. त्यांना पुढचं गिऱ्हाईक असतं. कावळा शेजारच्या पायरीवर बसला तरी ते शिवला म्हणून मोकळे होतात. उद्या कोणी शंका काढली, तर माझ्याकडे नोंद पाहिजे."

"म्हणजे?"

"पिंडाखाली काटा," साहेब म्हणाले. "स्वस्तातला कर. पण खोटा नको."

मला हसू आलं नाही, याचं आजही आश्चर्य वाटतं. काकू माझ्यासाठी रोज रात्री अर्धी भाकरी जास्त टाकायच्या. त्यांच्यासाठी काही करायला मिळतंय, एवढंच मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तीन प्रकारचे सेन्सर साहेबांसमोर मांडले. प्रयोगशाळेत दोन होते, तिसरा पुण्याहून एसटीच्या पार्सलने मागवला होता, त्याचं नुसतं चित्र होतं. साहेब जमिनीवर मांडी घालून बसले, शेजारी त्यांची पितळी वजनांची पेटी.

पहिला सेन्सर कागदासारखा पातळ, टोकाला रुपयाएवढी चकती. दाबला की त्याचा रोध बदलतो. तिघांत सगळ्यात स्वस्त. साहेबांनी चकतीवर दोनशे ग्रॅमचं वजन ठेवलं. मायक्रोकंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर आकडा आला, एकशे साठ. वजन उचलून पुन्हा ठेवलं. दोनशे तीस. तिसऱ्यांदा एकशे नव्वद.

"हा फुटलेला साक्षीदार आहे," साहेब म्हणाले. "कुणीतरी बसलंय एवढं सांगेल. कोण बसलंय ते सांगणार नाही. बाजूला ठेव."

दुसरे चार चौकोनी सेन्सर, घरी माणसं उभी राहून वजन करतात त्या काट्यातून काढलेले. एकेक पन्नास किलोचा.

"म्हणजे चार मिळून दोनशे किलो. आणि त्यावर कावळा? अरे, लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर कोणी सोनं तोलतं का?"

राहिला तिसरा. अ‍ॅल्युमिनियमचा बोटभर दांडा, त्याला लोड सेल म्हणतात. एक टोक पक्कं आवळायचं, दुसऱ्यावर वजन ठेवायचं. दांडा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, आणि त्याला चिकटवलेल्या बारीक तारा ते वाकणं पकडतात. सोबत एक हिरवी पट्टी येते, ती तारांची कुजबूज मोठी करून मायक्रोकंट्रोलरला ऐकवते. दुकानातले इलेक्ट्रॉनिक काटे याच तत्त्वावर चालतात, हे साहेबांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. चित्राकडे त्यांनी बराच वेळ जुन्या सहकाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

"एक किलोचा मागवलाय," मी म्हणालो. "बारीक फरकही दाखवेल."

"रद्द कर. पाच किलोचा मागव."

"साहेब, पाच किलोचा कावळा कुठला?"

"तू कधी आमच्या नातेवाइकांना पिंडासमोर वाढताना बघितलंयस?" ते म्हणाले.

पार्सल सहाव्या दिवशी आलं. लोड सेल एका फळीवर आवळला, वर काकूंचाच देवघरातला छोटा पाट बसवला, आणि गच्चीवर चाचणी सुरू झाली. सुतकातला माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून कावळ्यांना हाका मारतोय, हे बघायला शेजारच्या दोन्ही गच्च्यांवर माणसं जमली. कावळ्यांना पाट पसंत नव्हता. त्यांनी भाकरी उडत्या उडत्या उचलली. मग साहेबांनी भाकरी पाटाला सुतळीने बांधली. त्यानंतर मात्र कावळ्यांना रीतसर बसून खावं लागलं. दोनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे अकरा, तीनशे पाच. साहेबांनी तिन्ही आकडे वहीत लिहिले, सरासरी काढली आणि खाली रेघ मारली. सरासरीही तीनशे पाच.

"आता नीट बघ," ते म्हणाले. त्यांनी पाटाच्या कडेवर करंगळी टेकवली. "वस्तू एकदम पडते. काटा आधी उडतो, मग बसतो. कावळ्याचंही तसंच झालं. बोट तसं पडत नाही, बोट हळूच येतं. चोराला किती दाबायचं ते बघत बघत दाबावं लागतं ना. तोडकरला मी असाच धरला. माल टाकून झाला होता, तरी काटा चढत होता." त्यांनी बोट काढून घेतलं. "प्रत्येक आकडा साठवायची सोय कर. सेकंदाला पाच. मापात पाप नको."

मी मेमरी कार्ड बसवलं.

त्याच दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात आणखी एक वही बघितली. काकूंनी आणलेला प्रत्येक जिन्नस साहेब घरी पुन्हा तोलायचे. वहीत दर गुरुवारी अर्धा किलो रवा होता. पाचशे वीस, पाचशे पंचवीस, पाचशे वीस. नऊ वर्षं. दुकानाच्या रकान्यात एकदाही नाव नव्हतं. बाकी प्रत्येक दुकानाचं होतं.

"हा कुठला दुकानदार साहेब, जो दर वेळी जास्त देतो?" मी विचारलं.

"जास्त वजन हाही दोषच," ते म्हणाले आणि वही बंद केली.

दहाव्याला सकाळी आठ वाजता आम्ही घाटावर पोचलो. आठल्येगुरुजींनी लोड सेलकडे बघून विचारलं, "हे काय?"

"काटा," साहेब म्हणाले.

"शास्त्रात अ‍ॅल्युमिनियम नाही."

"निषिद्ध म्हटलंय?"

गुरुजींनी विचार केला. "तसं नाही म्हटलेलं."

"मग ठेवा पिंड. वर पाट आहे, पाटाखाली काय आहे ते बघायचं तुम्हाला कारण नाही."

"मेढेकर, माझी तीस वर्षांची नजर आहे हो."

"गुरुवार पेठेतला प्रत्येक जण मला हेच सांगायचा."

पिंड ठेवला. मग नातेवाईक पुढे सरसावले. काकूंना आवडायची म्हणून कांदाभजी, काकूंना आवडायची म्हणून जिलबी, बटाटेवडे, दहीभात, द्रोणभर श्रीखंड, शेवटी कपबशीतून चहा. बापूमामांनी अख्खं कलिंगड आणलं होतं, ते गुरुजींनी निम्मं करायला लावलं. पडद्यावर तीन किलो चारशेचा आकडा दिसला तेव्हा मी मनातल्या मनात साहेबांना नमस्कार केला. मग ते सगळं शून्य धरून काटा तयार केला, पंधरा फूट वायर ओढली आणि स्कूटरची बॅटरी मांडीशी घेऊन वरच्या पायरीवर बसलो. सगळे माझ्या मागे येऊन उभे राहिले. कोणी पिंडाकडे बघेना, सगळे पडद्याकडे.

त्या दिवशी घाटावर तीन दहावे होते. डावीकडच्यांचा पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला. उजवीकडे तर दोन कावळ्यांची भांडणं लागली. आमच्या पिंडाकडे एक जण आला, वायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत गेला.

"तारेमुळे," गुरुजी म्हणाले.

"पोट भरल्यामुळे," साहेब म्हणाले.

अर्ध्या तासाने आकडा हलला. दोन ग्रॅम, चार, सात. पाटावर काहीच नव्हतं. मागून बापूमामांचा आवाज भरून आला, "ताई आली. आवो भावोजी, बघा, ताई आली."

दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. गुरुजी हात जोडायच्या बेतात होते. साहेबांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. शिवला, काही राहिलं नाही, चला घरी. हेच तर त्यांना हवं होतं.

"ऊन आलंय," साहेब म्हणाले. "दांडा तापला की आकडा सरकतो. स्वस्तातला आहे. नलवडे, पाटावर सावली पडेल अशी छत्री उघडून ठेव आणि पुन्हा शून्य कर."

मी खाली जाऊन छत्री टेकवली, वर येऊन शून्य केलं. ताई गेल्या.

मग शब्द देणं सुरू झालं. साहेब उभ्या उभ्या, अर्ज वाचावा तसं म्हणाले, "तुळशीला रोज पाणी घालीन." शून्य. "तुझ्या भिशीच्या मैत्रिणींना हळदीकुंकवाला घर देईन." शून्य. "बापूला दिवाळीला बोलवीन." बापूमामा पुढे सरकून पडदा बघायला लागले. शून्य. ते जरा खट्टू झाले.

"भावोजी," ते म्हणाले, "आता वैजूचं बोला की."

"तिने तसं सांगितलेलं नाही. मी विचारलं होतं."

"आवो, चाळीस वर्सं ती तुमच्यासमोर कायच बोलली न्हाई. मरताना कुटनं बोलंल?"

ऊन चढत होतं. डावीकडचे लोक आंघोळी करून घरी गेले, उजवीकडचेही गेले. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि पिशवीतून दर्भाचा कावळा काढला. खरा आला नाही की गवताच्या कावळ्याने पिंडाला शिवायचं, ही सोय शास्त्रात आहे.

"तो किती ग्रॅमचा?" साहेबांनी विचारलं.

"मेढेकर, आता पुरे."

"दोन ग्रॅमही भरणार नाही," साहेब म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "थांबा. मी तिच्याशी बोलतो."

ते एकटे पायऱ्या उतरून पिंडाजवळ गेले. सहासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे वाकत नव्हते, तरी ओल्या दगडावर बसले. आमच्याकडे पाठ, खांद्यावरून उपरणं लोंबलेलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. वैजू एवढा एकच शब्द आला, तोही दोनदा. त्यांचे खांदे हलताना दिसले. चार वर्षं मी त्या घरात होतो, पण साहेबांना रडताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पडद्यावर आकडा चढला. तीनशे पाच. तिथे थांबला. मग शून्य.

"शिवला," गुरुजी ओरडले. "शिवला, शिवला."

आणि काय सांगू, सगळ्यांनी कावळा बघितला. बापूमामांनी तो नदीवरून येताना बघितला. काकूंच्या चुलतबहिणीने पिंपळावरून उतरताना. कोणी म्हणालं, उजव्या पंखात पांढरं पीस होतं. कोणी म्हणालं, डाव्या. एका जावेच्या मते त्याने काकूंसारखी मान वेळावली होती. मी पडद्याकडे बघत होतो, तेव्हा माझी साक्ष कोणी काढली नाही.

काढली ती फक्त साहेबांनी. पाठ न वळवता ते म्हणाले, "नलवडे, नोंद?"

"तीनशे पाच, साहेब."

"किती वेळ?"

"चार सेकंद."

"कावळ्याच्या मापात बसतं?"

"बसतं," मी म्हणालो.

दुपारी खोलीत येऊन मी मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं. मोठ्या कौतुकाने लावलं, आपण बनवलेल्या वस्तूने काम केलं होतं. गच्चीवरच्या कावळ्याची नोंद आधी उघडली. शून्य, शून्य, तीनशे एक्केचाळीस, दोनशे अठ्ठ्याऐंशी, तीनशे सात, तीनशे पाच. पडला, उडाला, बसला.

मग घाटावरची. शून्य. अकरा. चाळीस. शहाण्णव. एकशे सत्तर. दोनशे चाळीस. दोनशे नव्वद. तीनशे पाच. तीनशे पाच. तीनशे चार. तीनशे पाच.

मी ते आकडे परत परत वाचले. पडदा वर माझ्यापाशी होता, साहेब पंधरा फुटांवर पाठमोरे बसले होते. समोर काहीही दिसत नसताना, डोळ्यांत पाणी असताना, त्या माणसाने बरोब्बर तीनशे पाच दाबले होते.

जिन्यावर पावलं वाजली. साहेब दारात उभे होते. धुतलेला सदरा, हातात काठी. लॅपटॉप बंद करायला मला वेळ मिळाला नाही.

"नोंद बघितलीस?"

"बघितली."

"एकदम पडलं? की हळूच आलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "एकदम, साहेब," मी म्हणालो.

"तुला खोटी नोंद करता येत नाही," ते म्हणाले. "चेहरा आधी उडतो. चप्पल घाल, जायचंय."

ते कार्ड अजून माझ्याकडे काडेपेटीत आहे. बारा वर्षांत कोणाला दाखवलेलं नाही.

चार गल्ल्या चालायला आम्हाला पाव तास लागला. तोडकर किराणा उघडं होतं. म्हातारा तोडकर गादीवर होता, आणि मागे डाळीच्या डब्यांपाशी वैजू. तिच्या हातात मापटं होतं. बापाला बघून ते तिच्या हातातच राहिलं. तिचे डोळे सुजलेले होते. आईच्या दहाव्याच्या दिवशी दुकानात यायला कोणाला हौस असते? पण घरी बसून तरी तिला काय करायचं होतं, माहेरचं दार तर बंद होतं.

"या साहेब," तोडकर कसाबसा उठत म्हणाला.

"अर्धा किलो रवा द्या."

म्हाताऱ्याने पुडा काट्यावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. सवयीने खांद्यापर्यंत, मग साहेबांकडे बघून आणखी वर, कानांपर्यंत. काट्यावर पाचशे वीस आले. हात कापत होते, पण त्याने ते खाली आणले नाहीत. साहेब काट्याकडे बघत राहिले. आता जास्त वजनाचा दोष काढणार, असं मला वाटलं. तोडकरलाही तेच वाटलं असावं, कारण त्याने डोळे मिटून घेतले.

"हात खाली घ्या, तोडकर," साहेब म्हणाले. "दमला असाल."

मग मागे, डाळीच्या डब्यांकडे बघून म्हणाले, "मी पिशवी आणलेली नाही. तू घेऊन ये घरी."